एक चिनी अक्षर, पण नीट : मशीनच्या बटणावरचं 'चालू' ओळखायला आणि लिहायला शिकू



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर एक चिनी अक्षर काढलं, तर दोघातिघांचे लगेच फोन. "सर, धंदा शिकवता शिकवता आता चायनीजचा क्लास काढला की काय?" नाही हो. मला चिनी भाषा येत नाही. मोजून चाळीसेक अक्षरं ओळखता येतात आणि त्यातली दहा-बारा न बघता लिहिता येतात, एवढंच. पण त्यातलं पहिलं अक्षर मी का शिकलो, ते ऐका. मग तुम्हीच ठरवा, तुम्हाला ते लागेल की नाही.

ताईंची दिवाळीची ऑर्डर

माझं सिन्नरला पॅकिंग मटेरियलचं आणि छोट्या मशीनचं दुकान आहे. तालुक्यातल्याच एका गावात एक ताई फराळाचं करतात. बचत गटातून सुरुवात केली, मग स्वतःचं युनिट टाकलं. दिवाळीच्या आधी त्यांनी माझ्याकडून पाउच सील करायचं मशीन घेतलं. हे मशीन बऱ्याच जणांनी पाहिलंय. दोन टेफ्लॉनचे पट्टे फिरतात, मध्ये गरम पट्ट्या असतात, एका बाजूने पाउच घातला की दुसऱ्या बाजूने सील होऊन येतो. मशीन चीनचं. बटणांवर सगळी चिनी अक्षरं, आणि रेघ-गोल अशी खूण कुठेच नव्हती.

मी दुकानात मशीन चालवून बघितलं, पॅक केलं आणि पाठवलं. फोनवर सांगितलं, "ताई, काम संपलं की आधी हीटर बंद करा, पंखा चालू ठेवा, पट्टे थोडा वेळ फिरू द्या, आकडा शंभरच्या खाली आला की मग मेन बंद करा." सूचना बरोबरच होती. बटणांचा फोटो काढून मोबाइलच्या भाषांतरात टाकला आणि तोही त्यांना व्हॉट्सअॅप केला. फोटोवर इंग्रजीत आलं होतं : एका बाजूला 'ओपन', दुसऱ्या बाजूला 'क्लोज'. मला वाटलं, झालं आपलं काम.

संध्याकाळी ताई हीटर बंद करायला गेल्या. त्यांचा मुलगा वायरमनचा कोर्स केलेला. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "आई, बटण 'ओपन'वरच आहे. सर्किट ओपन म्हणजे करंट तुटलेला. हीटर बंदच आहे." पोराचं काही चुकलं नव्हतं. आयटीआयमध्ये हेच शिकवतात, आणि ते खरंही आहे. आकडा खाली येईना, तर वाटलं गार व्हायला वेळ लागत असेल. पट्ट्यांची घरघर नको म्हणून ते बटण बंद केलं, पंखा चालू ठेवला आणि सगळे जेवायला गेले.

हीटर चालूच होता. दुकानात टेस्ट करताना मी ते बटण चालूवर ठेवलं होतं आणि तसंच मशीन पाठवलं होतं. पट्टे एका जागी थांबून भाजले, मध्ये अडकलेला पाउच वितळला आणि खोलीभर धूर झाला. शेजारी रिकाम्या पाउचची बंडलं होती. वास आला म्हणून कोणीतरी धावलं. आग लागली नाही, एवढंच नशीब. पण पट्टे गेले, आणि दिवाळीच्या तोंडावर दोन दिवस काम बंद. मी पट्टे फुकट बदलून दिले, पण दोन दिवस कुठून देणार? ताई मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दादा, विकण्याआधी तुम्ही तरी वाचायचं होतं ना."

ते वाक्य मला लागलं. मी बीबीए केलंय, लोकांना धंदा शिकवतो, आणि माझ्याच दुकानातल्या मालावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. मी मोबाइलला वाचायला लावलं आणि मोबाइलने जे दिलं ते पुढे ढकललं.

मोबाइल चुकला का?

नाही. त्या अक्षराचा अर्थ 'उघडणे' असाच आहे. पण चिनी भाषेत तेच अक्षर 'मशीन चालू करणे' यासाठीही वापरतात. आणि 'बंद करणे' हे दुसरं अक्षर दार बंद करायलाही चालतं, मशीन बंद करायलाही. मोबाइलने एक शब्द उचलून दिला. तो शब्द दारासाठी बरोबर होता, हीटरसाठी उलटा पडला. समोर एखादं वाक्य असतं तर मोबाइलला अंदाज आला असता. बटणावर एकटं अक्षर असतं, तिथे माणसालाच माहीत पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : सगळी भाषा शिकायची गरज नाही. २०१३ साली चीनने जी प्रमाण अक्षरांची यादी काढली, तिच्यात ८,१०५ अक्षरं आहेत, आणि त्यातली रोजच्या वापराची पहिली यादीच ३,५०० ची. ते आपलं काम नाही. पण आपल्या धंद्याला लागतं ते एक अक्षर पूर्ण शिका. बघायला, लिहायला, ऐकायला, आणि ते कुठे कुठे येतं ते समजायला. अर्धवट ओळखीची पन्नास अक्षरं धोक्याची असतात.

चला, वही घ्या. लहान मुलांची गणिताची चौकटीची वही सगळ्यात चांगली. चीनमधली मुलंही चौकटीतच गिरवतात. त्यांच्या चौकटीत आत पुसट रेघा असतात, म्हणजे अक्षर मधोमध बसतं. आपण चार छोट्या चौकटी मिळून एक मोठी चौकट धरू.

पायरी १ : हात चालवू

आपलं अक्षर आहे 'चालू, उघडं'. उच्चार 'खाइ'. फक्त चार रेघा.

पहिली रेघ : वरच्या बाजूला एक आडवी रेघ, डावीकडून उजवीकडे. थोडी आखूड.

दुसरी रेघ : तिच्या खाली, साधारण चौकटीच्या मध्यावर, दुसरी आडवी रेघ. ही पहिलीपेक्षा लांब.

तिसरी रेघ : वरच्या रेघेच्या डाव्या भागापासून सुरू करून खाली या. दुसरी रेघ कापा आणि मग डावीकडे हलकेच वळवून सोडा.

चौथी रेघ : वरच्या रेघेच्या उजव्या भागापासून सरळ खाली. दुसरी रेघ कापून तशीच सरळ खाली. वळण नाही.

झालं अक्षर. आता लांबून बघा. मला ते लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. वर दोन आडवे बांबू, खाली दोन खांब, त्यातला डावा जरा बाहेर झुकलेला. मांडव उभा म्हणजे काम चालू. हे आपलं लक्षात ठेवायला बरं का, अक्षराचा खरा इतिहास वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

रेघांचा क्रम पाळा. आपण मराठी लिहिताना अक्षरं आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी ओढतो. इथे उलटं, वरची रेघ आधी. नियम साधे आहेत : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि आडवी-उभी एकमेकींना कापत असतील तर बहुतेक वेळा आडवी आधी. "क्रमाने काय फरक पडतो, दिसायला तर सारखंच," असं मलाही वाटलं होतं. पण क्रम पाळला की मोजमाप आपोआप बसतं. आणि घाईत कोणी हाताने लिहिलेलं अक्षर वाचायचं असेल, तर पेन कुठून कुठे गेलं हे समजल्याशिवाय ते वाचता येत नाही.

वीस वेळा काढा. पहिली पाच वाकडी येतील, येऊ द्या.

पायरी २ : चूक कुठे होते

आता या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन्ही पाय वरच्या रेघेला चिकटून सुरू झाले पाहिजेत. रेघेच्या वर डोकं काढायचं नाही. आपली मराठी अक्षरं शिरोरेषेला जशी लटकतात, अगदी तशी.

डोकी वर निघाली तर काय होतं? त्याच चार रेघा, त्याच क्रमाने, फक्त दोन्ही उभ्या रेघा वरच्या रेघेच्या बाहेर आल्या, की ते दुसरंच अक्षर होतं. त्याचा अर्थ विहीर! दोन आडव्या, दोन उभ्या, मधे चौकोन. वरून बघितलेला विहिरीचा काठच म्हणा. म्हणजे गेलात दुकान उघडायला आणि पडलात विहिरीत.

हसू येतं, पण आपल्याकडेही हेच आहे. 'घ' आणि 'ध' मध्ये फरक कितीसा? 'घर' आणि 'धर', एका गाठीचा फरक. 'भ' आणि 'म'चंही तसंच. आपल्याला तो फरक दिसतो कारण पहिलीत बाईंनी तो गिरवून घेतला. परक्या माणसाला दिसत नाही. चिनी अक्षरं सगळी सारखी दिसतात असं आपण म्हणतो, त्याचं कारण एवढंच, की आपण ती कधी गिरवली नाहीत. हाताने काढलं की डोळ्याला फरक दिसायला लागतो. फक्त बघून ओळखायला शिकलेलं अक्षर आठ दिवसांत विसरतं, हा माझा अनुभव.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गूगल ट्रान्सलेटमध्ये चिनी भाषा निवडा आणि बोटाने लिहायची सोय उघडा. अक्षर काढा. 'उघडणे' आलं तर पास. 'विहीर' आलं तर परत वही.

पायरी ३ : कान लावू

उच्चार 'खाइ'. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, तो घ्या. रोमन लिपीत चिनी उच्चार लिहिताना 'के' आणि 'जी' ही अक्षरं वापरतात. पण तिथला 'के' म्हणजे आपला 'ख' आणि तिथला 'जी' म्हणजे जवळपास आपला 'क'. इंग्रजीत क आणि ख वेगळे नसल्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे सांगावं लागतं. आपल्या कानाला तो फरक लहानपणापासून आहे. माल जिथून येतो त्या शहराला आपण ग्वांगझू म्हणतो, पण तिथल्या माणसाच्या तोंडून ते 'क्वांग' असं ऐकू येईल.

दुसरी गोष्ट सूर. 'खाइ' हे उंच आणि सपाट सुरात म्हणायचं, शेवटपर्यंत सूर खाली पडू द्यायचा नाही. डॉक्टर घसा बघताना "आऽ करा" म्हणतात आणि आपण एका सुरात आऽ करतो, तसं. मराठीत सुराने भाव बदलतो : "हो?", "हो!", "होऽ". चिनीत सुराने शब्दच बदलतो. धंद्यातलंच उदाहरण घ्या. 'माइ' हा उच्चार खाली नेऊन वर आणला तर अर्थ 'विकत घेणे'. तोच वरून खाली आपटला तर 'विकणे'. लिहितानाही तसंच आहे. आजच्या लिपीत 'घेणे'च्या अक्षराच्या डोक्यावर अधिकचं छोटं चिन्ह बसवलं की 'विकणे' होतं. आणि दोन्ही अक्षरं जोडली, घेणे-विकणे, की शब्द होतो 'धंदा'. आपण देवघेव म्हणतो, तसंच.

पायरी ४ : अक्षर आलं कुठून

आता खरा इतिहास. जुन्या रूपात हे अक्षर दारासकट लिहायचे. दोन्ही बाजूंना दाराच्या दोन फळ्या, आत आडवा अडसर, आणि अडसर काढणारे दोन हात. वाडा उघडताना जसं करायचे, तसंच चित्र. त्यात एकूण १२ रेघा होत्या. १९५६ साली चीन सरकारने लिपी सोपी करायची योजना जाहीर केली. तेव्हा या अक्षराचं दार काढून टाकलं आणि आतला भाग तेवढा ठेवला. म्हणून आज आपण फक्त चार रेघा काढतो.

हे सांगायचं कारण व्यवहारातलं आहे. तैवान, हाँगकाँग आणि जपानमध्ये हे अक्षर अजून दारासकट लिहितात. तिकडच्या मालावर दोन फळ्यांच्या चौकटीत आपला छोटा मांडव दिसला, तर गोंधळू नका. अक्षर तेच आहे.

पायरी ५ : अक्षराचं गोत

एक अक्षर पूर्ण शिकलं की त्याचे नातेवाईक आपोआप भेटतात. 'खाइ' पुढे दुसरं अक्षर जोडून काय काय होतं बघा.

दार जोडलं : दुकान उघडणे.
दुकान जोडलं : नवीन दुकान टाकणे.
गाडी जोडली : गाडी चालवणे.
पाणी जोडलं : उकळलेलं पाणी. नळावर हे दिसलं तर हात जपून.
काम जोडलं : काम सुरू करणे. चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा तिकडचे कारखाने बंद असतात. ते परत सुरू होतात त्याला हा शब्द. तुमचा माल तिकडून येत असेल, तर ऑर्डर देताना हा दिवस आधी विचारा.
किंमत जोडली : भाव सांगणे. घासाघीस सुरू व्हायच्या आधीचा पहिला भाव.
पावती जोडली : बिल करणे. आपण बिल 'फाडतो', ते बिल 'उघडतात'.

आणि माझ्या सगळ्यात आवडीचा शब्द. 'खाइ' पुढे 'पसरणे, मांडणे' अशा अर्थाचं अक्षर जोडलं की अर्थ होतो नवीन दुकान सुरू होणे. पण त्याच शब्दाचा दुकानदारांमध्ये आणखी एक अर्थ आहे : दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, पहिली विक्री. म्हणजे आपली भवानी! सकाळी सिन्नरच्या बाजारात भाजीवाल्या मावशी म्हणतात, "अजून भवानी नाही झाली, घेऊन जा." त्याला तिकडेही स्वतंत्र शब्द आहे. दुकानदार तो दुकानदारच, कुठलाही असो.

पायरी ६ : जोडीदार अक्षर, 'बंद'

एकट्या 'चालू'ने भागत नाही. बटणाला दोन बाजू असतात. दुसरं अक्षर 'क्वान', सूर तोच, उंच आणि सपाट. सहा रेघा.

वर डावीकडे एक छोटा तिरका ठिपका, उजवीकडे दुसरा. दोन्ही खाली एकमेकांकडे झुकलेले, बोकडाच्या शिंगांसारखे. मग एक आखूड आडवी रेघ. तिच्या खाली लांब आडवी रेघ. मग वरच्या आडव्या रेघेच्या मध्यापासून एक रेघ खाली, दुसरी रेघ कापून डावीकडे झुकत गेलेली. शेवटची रेघ त्या कापलेल्या जागेपासून उजवीकडे खाली.

शिंगं विसरलात तर 'आकाश' असं वाचलं जाईल, म्हणून शिंगं आधी.

ओळखायची खूण पक्की करा : मांडव म्हणजे चालू, शिंगं म्हणजे बंद. मांडवाला शिंगं नाहीत, शिंगवाल्याचे दोन्ही पाय फाकलेले. एवढं पाठ झालं तरी ताईंच्या खोलीत धूर झाला नसता.

या अक्षराचा मूळ अर्थ दाराचा अडसर. अडसरावरून झालं अडवायची जागा, मग घाटातली खिंड, मग खिंडीतला नाका. आपलं जुन्नरजवळचं नाणेघाट आठवा. सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता, अरुंद खिंड आणि तिथे तो दगडी रांजण. व्यापारी त्यात जकात टाकायचे असं सांगतात. खिंड, नाका आणि जकात एकाच जागी. म्हणून चिनीत 'समुद्र' अधिक 'क्वान' म्हणजे कस्टम, समुद्राचा नाका. 'क्वान' अधिक 'कर' म्हणजे आयात शुल्क. बाहेरून माल मागवणाऱ्यांना कागदांवर हे अक्षर भेटणारच.

आणि 'क्वान' अधिक 'जोडणारा धागा' या अर्थाचं अक्षर म्हणजे माणसामाणसांतलं नातं, ओळखपाळख. अडसराने दोन फळ्या एकमेकींना बांधल्या जातात, तिथून तो अर्थ आला असं समजलं तर लक्षात राहतं. चिनी माणसाशी धंदा करणारे या शब्दाबद्दल खूप बोलतात.

पायरी ७ : तीन ठिकाणी जपून

पहिलं. 'खाइ' आणि 'क्वान' एकत्र लिहिले असतील, तर ती सूचना नाही. 'उघडणे-बंद करणे' मिळून शब्द होतो 'स्विच'. म्हणजे तिथे फक्त 'हे बटण आहे' एवढंच लिहिलंय. कुठली बाजू चालू ते वेगळं बघा.

दुसरं. ताईंच्या मुलाला जे वाटलं, सर्किट जुळलं की करंट चालू, तो विचार चिनी लोकांनीही केलाय. पण त्यासाठी त्यांची अक्षरं वेगळी आहेत. मेन स्विच आणि ब्रेकरवर ते 'जोडणे' आणि 'तोडणे' या अर्थाची अक्षरं वापरतात. 'जोडणे'चं अक्षर म्हणजे वर छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, त्याखाली एक आडवी, आणि खाली चौकोन. डब्यावर झाकण बसल्यासारखं. ते चालू. 'तोडणे'चं अक्षर म्हणजे वर दोन बाजूंना पांगलेल्या दोन रेघा आणि खाली सुरी. ते बंद. म्हणजे 'क्लोज' हा एकच इंग्रजी शब्द दोन वेगळ्या चिनी अक्षरांसाठी येतो, एकदा चालू आणि एकदा बंद. इंग्रजीतून वाचायला गेलं की इथे पाय घसरतो. माझा घसरला.

तिसरं. बटणावर उभी रेघ आणि गोल असेल, तर रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. ही खूण जगभर चालते. अक्षराआधी ती शोधा.

"सर, एवढं आपल्याला जमेल का?"

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवा. १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. त्यात कोटणीस होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे गेल्यावर चिनी शिकले. युद्धातले जखमी सैनिक समोर असताना, वीज नाही, नीट दवाखाना नाही, अशा ठिकाणी. पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाचं शेवटचं अक्षर एकच ठेवलं : 'ह्वा', म्हणजे चीन. तुमच्या माहितीतल्या हुआवे कंपनीच्या नावातलं पहिलं अक्षर तेच. कोटणीसांचं नाव झालं के दिहुआ. पहिली दोन अक्षरं आडनावाच्या आवाजाला जुळवून घेतलेली. त्यांनी तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ साली मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. दोन अक्षरांत दोन देश. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस तिकडेच वारले, वय फक्त ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला.

मी स्वतःची त्यांच्याशी तुलना करत नाही. एवढंच म्हणतो, की ज्याच्यासाठी शिकायचं तो माणूस समोर असला की लिपी अवघड राहत नाही. त्यांच्यासमोर पेशंट होते. आपल्यासमोर गिऱ्हाईक आहे, आणि मशीनवर हात ठेवणारा कामगार आहे. आपल्या सिन्नरला माळेगाव आहे, मुसळगाव आहे, घरोघरी छोटी युनिटं आहेत. मशीन कुठल्याही देशाचं असो, त्याच्यापुढे उभं राहणारं माणूस आपलं असतं.

माझ्या दुकानात आता काय बदललं

चिनी अक्षरं असलेलं मशीन मी मराठी स्टिकर लावल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही. 'चालू' आणि 'बंद', मोठ्या अक्षरात. स्टिकर लावण्याआधी प्रत्येक बटण दाबून, प्रत्यक्ष काय होतं ते बघतो. हीटरसारखा आवाज न करणारा भाग असेल, तर आकडा चढतो की उतरतो ते थांबून बघतो. पाठवताना सगळी बटणं बंदवर. आणि स्टिकर निघून गेला तर काय, म्हणून गिऱ्हाइकाला ही दोन अक्षरं वहीत काढायला लावतो. सुरुवातीला लोक हसतात, मग काढतात.

ताईंकडे नवीन पट्टे बसवायला गेलो, तेव्हा त्यांनाही काढायला लावलं. पहिल्याच झटक्यात त्यांची दोन्ही डोकी रेघेच्या वर गेली. मी म्हटलं, "ताई, ही विहीर झाली." त्या म्हणाल्या, "मग बरंच की, आमच्याकडे पाण्याचीच बोंब आहे." दुसऱ्या वेळी बरोबर आलं. ते पान अजून मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेलं आहे.

या आठवड्याचा अभ्यास

१. 'चालू' वीस वेळा आणि 'बंद' वीस वेळा, चौकटीत, क्रमाने.
२. बोटाने मोबाइलवर काढून तपासा. विहीर आणि आकाश आलं तर परत.
३. घरातला किंवा दुकानातला चार्जर, इमर्जन्सी दिवा, खेळणं, मशीन, जे चीनचं असेल ते उलटसुलट करून बघा. ही दोन अक्षरं कुठे सापडतात का?
४. युनिटमध्ये चिनी अक्षरांचं बटण असेल, तर आजच मराठी स्टिकर लावा. पण आधी दाबून खात्री करा, मग लावा.

पुढच्या भागात 'घेणे' आणि 'विकणे' ही जोडी घेऊ. तोपर्यंत वही भरा. भेटू.